कॅरॅव्हॅनचं मऊ पडलेलं फ्लोअर : तुर्भ्याच्या गाळ्यात करून घेतलेलं काम, एक पावसाळा काढल्यानंतर

काम गेल्या नोव्हेंबरात झालं, २०२४ च्या, पण मुद्दाम लगेच लिहिलं नाही, म्हटलं एक पूर्ण पावसाळा जाऊ दे मग काय ते बोलू, कारण नवीन केलेलं फ्लोअर पहिल्या महिन्यात सगळ्यांचंच छान वाटतं. आता जून ते सप्टेंबर सगळं पाणी डोक्यावर घेऊन गाडी उभी होती, मधे दोन ट्रिपा झाल्या, परवा परत जाऊन ओल मोजायचं मीटर लावून आलो, तर आता सगळं नीट लिहिते. लांबेल जरा. पण आम्ही शोधत होतो तेव्हा आपल्या भागातल्या कोणाचाच अनुभव वाचायला मिळाला नाही आणि त्या नादात आमचे एकदा पैसे फुकट गेले, तसे दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत एवढ्यासाठी.

आमची कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरचं छोटं घर, गाडीमागे जोडायची ट्रेलरवाली, सेकंडहँड घेतलेली. हौस होतीच पण खरं कारण आई. आईचं वय ७४, दोन्ही गुडघे गेलेले, हॉटेलच्या जिन्याचं आणि रस्त्यातल्या टॉयलेटचं नाव काढलं की ती म्हणायची तुम्ही जा, मी घरी थांबते. कॅरॅव्हॅन आली आणि तिचं ते वाक्य बंद झालं. दापोली झालं, गुहागर झालं, वाईला मेणवलीच्या घाटावर जाऊन आली, आणि कुठेही गेलं की सकाळचा पहिला चहा तीच करणार, तो ओटा तिचाच. आणि नेमकं त्या ओट्यासमोरच फ्लोअर मऊ पडायला लागलं. ती म्हणाली, अगं इथे पाय आत जातो बघ. आधी मला वाटलं तिला भास होतोय, मग मी स्वतः अनवाणी उभी राहिले तर खरंच, गादीवर पाय द्यावा तसं, आणि पाय उचलला की बारीक कर्र असा आवाज. गुडघे गेलेल्या माणसाला पायाखालची जमीन हलणं म्हणजे काय हे ज्यांच्या घरी वयस्कर माणूस आहे त्यांना सांगायला नको.

दुसरा स्पॉट दाराशी होता, तो जुना. तो आम्ही दोन वर्षं आधी एका गॅरेजमधून करून घेतला होता, नाव घेत नाही. त्यांनी काय केलं तर मऊ जागेवर सरळ १२ एमएमचा कमर्शियल प्लाय ठेवला, स्क्रू मारले, कडेने सिलिकॉन फिरवलं, वर विनाइल, म्हणजे फ्लोअरवर अंथरायची प्लास्टिकची शीट, चिकटवलं आणि झालं, एका दिवसात गाडी हातात. आम्ही खूश. तेव्हा कळत नव्हतं की ते स्क्रू खालपर्यंत आरपार गेलेत आणि ओल आतल्या आत कोंडली गेलीय.

तर हा गाळा. तुर्भे एमआयडीसीत, ठाणे-बेलापूर रोडवरून आत वळल्यावर. गाळ्याला बोर्ड नाही म्हणून नाव देता येत नाही, आजूबाजूला विचारलं की रीफर गाड्यांचे डबे बनवणारे म्हणून सगळे दाखवतात. हे लोक मुळात कॅरॅव्हॅनवाले नाहीतच, वाशी एपीएमसीत आणि मासळीच्या धंद्यात ज्या थंड डब्याच्या गाड्या फिरतात त्यांचे डबे ते बनवतात आणि दुरुस्त करतात. माझ्या नवऱ्याच्या डोक्यात ही आयडिया आली आणि मला ती खूप पटली, कारण त्या डब्याचं फ्लोअर आणि कॅरॅव्हॅनचं फ्लोअर हे एकाच जातीचं, दोन बाजूंना पातळ पत्रे किंवा प्लाय आणि मधे फोम, म्हणजे सँडविच. नेहमीच्या सुताराला हे माहीत नसतं, तो लाकडाच्या हिशोबाने विचार करतो, आणि नेहमीच्या बॉडीबिल्डरला लोखंडी फ्रेमवर जाड प्लाय एवढंच माहीत असतं.

मालक साताऱ्याकडचे, साठीच्या आसपास, कमी बोलणारे. त्यांनी पहिल्या दिवशी काहीच काम केलं नाही, फक्त बघितलं, आणि त्या बघण्यावरच माझा विश्वास बसला म्हणून ते सविस्तर सांगते. आधी चपला काढून अनवाणी सगळ्या फ्लोअरवर फिरले, हळूहळू, टाच दाबत, जिथे दबलं तिथे खडूने रेघ. मग डिसमिसच्या मुठीने ठोकत गेले, चांगल्या जागी टणक आवाज, सुटलेल्या जागी पोकळ, आणि तो फरक एकदा ऐकला की कोणालाही कळतो, माझ्या मुलीने पण दहा मिनिटांत अख्खा नकाशा काढला खडूने. मग ओल मोजायचं मीटर, ते दोन सुयावालं, लाकडात टोचतात ते. ओट्यासमोर रीडिंग आलं १३ टक्के, म्हणजे सुकं. दाराशी ३१, म्हणजे ओलं. मग म्हणाले, "ताई, हे दोन वेगळे आजार आहेत, एकच औषध दोघांना चालणार नाय."

हेच आम्हाला आधीच्या कुठल्याच माणसाने सांगितलं नव्हतं. एकाने तर सरसकट १ लाख १० हजार सांगितले होते, अख्खं फ्लोअर काढून नवीन, आतलं सगळं फर्निचर उतरवून. दुसरा म्हणाला अख्ख्या फ्लोअरवर १२ एमएम टाकून देतो, टेन्शन नाही. हे वरून प्लाय टाकणं किती चुकीचं ते मालकांनी हिशोबात दाखवलं, आमच्या गाडीचं फ्लोअर साधारण आठ चौरस मीटर, १२ एमएम प्लायचं वजन चौरस मीटरला सात-आठ किलो धरा, म्हणजे साठ किलो फुकटचं वजन अॅक्सलवर आणि ओढणाऱ्या गाडीवर कायमचं, आणि खालचं दुखणं तसंच.

आता दोन आजार म्हणजे काय ते सांगते, कारण ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याला हे कळलंच पाहिजे. युरोपात, खास करून ब्रिटनमध्ये, ज्या ट्रेलर कॅरॅव्हॅन असतात त्यांचं फ्लोअर असं बनवतात, खाली पातळ प्लाय, वर पातळ प्लाय, मधे थर्माकोलसारखा फोम, कडेने आणि मधे मधे लाकडी पट्ट्या, सगळं ग्लूने चिकटवून प्रेस केलेलं. आमची गाडी इकडेच बनलेली पण बनवणाऱ्याने तीच पद्धत उचललेली, वर ५ एमएम, मधे २५, खाली ५. ह्यातला एकटा प्लाय काहीच ताकदीचा नाही, गुडघ्यावर वाकवाल तर वाकेल. ताकद येते ती तिन्ही थर एकमेकांना घट्ट धरून असतात म्हणून. पहिला आजार म्हणजे तो ग्लू सुटतो. जिथे पाय जास्त पडतात, उभं राहून वळतात, टाच फिरते, म्हणजे ओट्यासमोर आणि दारात, तिथे वर्षानुवर्षं प्लाय थोडा थोडा दबतो, उन्हात गाडी तापते, ग्लू थकतो, आणि वरचा प्लाय फोमपासून वेगळा होतो. लाकूड मात्र चांगलं असतं, सुकं असतं. दुसरा आजार म्हणजे पाणी. खिडकीच्या कोपऱ्यातून, छताच्या सांध्यातून, चाकाच्या कमानीजवळून कुठून तरी पाणी आत येतं, भिंतीतून खाली उतरतं आणि फ्लोअरच्या कडेला साचतं, पट्टी कुजते, प्लाय काळा पडून पापुद्रे सुटतात. पायाला दोन्ही सारखेच लागतात. मऊ म्हणजे मऊ. पण पहिल्याला आतून चिकटवून चालतं आणि दुसऱ्याला कापून काढल्याशिवाय इलाज नाही, कुजलेल्या लाकडात कितीही भारी रेझिन, म्हणजे पातळ ओतून नंतर कडक होणारं चिकट रसायन, भरा, ते धरणार कशाला.

ओट्यासमोरची जागा साधारण ९० बाय ६० सेंटिमीटर. विनाइल सोलून काढलं आणि त्यावर पेन्सिलने चौकटी आखल्या, साधारण १० सेंटिमीटरवर एक भोक, साठेक भोकं झाली, १० एमएम बिटने. इथे त्यांची काळजी बघण्यासारखी होती, बिटवर २९ एमएमच्या खुणेला लाल टेप गुंडाळली, टेप प्लायला टेकली की थांबायचं, कारण वरचा प्लाय आणि फोम पार करायचा पण खालच्या प्लायला भोक पाडायचं नाही. खालून आरपार गेलं तर रेझिन रस्त्यावर गळणार आणि पावसात चाकाने उडालेलं पाणी वर येणार. प्रत्येक भोकातून व्हॅक्यूमने भुसा ओढून घेतला, कारण भुसा राहिला की रेझिन भुशाला चिकटतं, प्लायला नाही.

रेझिनबद्दल दोन शब्द जास्त लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. फेविकॉलसारखा पांढरा ग्लू पाण्यात बनलेला असतो, तो सुकतो तो पाणी उडून गेल्यावर, बंद पोकळीत ते पाणी जाणार कुठे, तो आत ओलाच राहतो. हार्डवेअरच्या दुकानात दोन ट्यूबवालं आरल्डाइट मिळतं ते चिकटवायला उत्तम पण घट्ट, सिरिंजमधून ढकललं तरी बारीक फटीत पसरत नाही. आणि फायबरग्लासवाले जे रेझिन वापरतात, टाक्या आणि बोटीवाले, ते पॉलिएस्टर, त्यात स्टायरिन नावाचं रसायन असतं आणि स्टायरिन थर्माकोलला अक्षरशः विरघळवतं. मालकांनी आम्हाला करूनच दाखवलं, थर्माकोलच्या तुकड्यावर चमचाभर ओतलं, बघता बघता खड्डा पडला. मुलगी बघतच राहिली. म्हणजे तुम्ही फ्लोअर भक्कम करायला जाता आणि मधला फोमच खाऊन टाकता. थिनर, अॅसिटोन, तो पिवळा उग्र वासाचा सनमायकावाला ग्लू, सगळ्यांचं तेच. रीफरच्या डब्यात बहुतेक पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम असतो, त्याला हा त्रास तेवढा नाही, पण त्यांनी आमच्या गाडीत आधी एक भोक पाडून आतला भुगा बघितला, थर्माकोल आहे हे ठरवलं, मग एपॉक्सी मागवलं, पातळ, सिरिंजमधून पाण्यासारखं नाही पण तेलासारखं वाहणारं. एपॉक्सी थर्माकोलला काही करत नाही.

मिसळताना वजनकाटा वापरला, अंदाज नाही. एपॉक्सीत हार्डनर, म्हणजे ते कडक करणारा दुसरा भाग, जास्त टाकलं की लवकर कडक होईल असं काही नसतं, जे प्रमाण कंपनीने दिलंय तेच, नाहीतर कायम चिकट राहतं. आणि एकदम मोठा डबा कालवायचा नाही, आपल्याकडच्या उष्णतेत मोठा गोळा स्वतःच तापतो, वाफ यायला लागते आणि हातात घट्ट होतो. म्हणून दोन-दोनशे ग्रॅम कालवायचं, सिरिंजमध्ये भरायचं, भोकात हळू दाबायचं, शेजारच्या भोकातून वर यायला लागलं की पुढच्या भोकावर जायचं. दोन पोरं समोरासमोर बसून करत होती, एक भरत होता, एक कपड्याने पुसत होता. सव्वा किलो लागलं एकूण. मग प्रत्येक भोकात लाकडी खुंटी बसवली, तिलाही रेझिन लावून. ह्याचा फायदा असा की रेझिन थरांमध्ये तर पसरतंच, पण त्या साठ भोकांत खुंटी आणि रेझिनचे साठ छोटे खांब उभे राहतात, वरचा प्लाय खालच्या प्लायला कायमचा बांधला जातो. मग वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट जाड प्लाय, त्यावर पेव्हर ब्लॉक आणि पाण्याचे भरलेले कॅन, आणि खालून जॅक लावून तशाच फळीचा आधार, म्हणजे तळ खाली पोट काढणार नाही. प्लास्टिक विसरलात तर वरची फळी पण कॅरॅव्हॅनचा भाग होऊन बसेल. चोवीस तास कोणी पाय ठेवायचा नाही, आणि पूर्ण ताकद यायला आठवडा.

दाराशी वेगळीच कथा. जुना १२ एमएमचा प्लाय उचलला तर वासच आला, गोणपाट भिजून पडल्यासारखा. त्या स्क्रूंची टोकं खालच्या प्लायमधून बाहेर आलेली, गंजलेली, प्रत्येक स्क्रूभोवती काळं वर्तुळ. खालची पट्टी बोटाने मोडत होती. मालक आरी घेऊन टोचत टोचत बाहेरच्या दिशेने गेले, जिथे आरी रुतणं बंद झालं तिथे खूण आणि त्याच्या पुढे अजून चार बोटं, तिथून कापायचं. मला वाटलं आता कापतील, तर नाही. "पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय मी हात लावणार नाय, परत दोन वर्षांनी तुम्हीच मला शिव्या घालाल."

मग एक अख्खी दुपार पाईप. खालून सुरुवात करून वर वर, प्रत्येक सांध्यावर दहा-पंधरा मिनिटं पाणी आणि आत एक जण टॉर्च घेऊन बसलेला. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नक्की कुठलं ते कळत नाही, म्हणून खालून. चाकाची कमान ठीक. दाराची चौकट ठीक. मग दाराशेजारच्या खिडकीचा खालचा डावा कोपरा आला आणि आतून आवाज आला, आलं आलं. तिथे वरून तीनदा सिलिकॉन थापलेलं होतं, आम्हीच करून घेतलेलं दर पावसाळ्याआधी, आणि आतला मूळ सील केव्हाच वाळून भेगाळलेला. पाणी वरच्या भेगेतून आत जायचं आणि सिलिकॉनमुळे बाहेर यायचं नाही. हे बघून मला फार वाईट वाटलं, कारण आम्ही काळजी म्हणूनच ते करत होतो. खिडकी पूर्ण काढली, जुनं सगळं खरवडलं, ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ राहणारी रबरी चिकटपट्टी, लावून परत बसवली आणि बाहेरून पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. मग पुन्हा पाईप, अर्धा तास. कोरडं.

त्यानंतर कापलं. ओला फोम काढून टाकला, पोकळी पंखा लावून पाच दिवस सुकवली, मीटर १४ वर आल्यावरच पुढे. नवीन पट्ट्या, घट्ट फोमच्या शीट, त्याच एपॉक्सीने चिकटवलेल्या, आणि वरून मरीन प्लाय. इथे पण एक शिकायला मिळालं, दुकानदार वॉटरप्रूफ म्हणून काहीही देतो, प्लायवर आयएस ७१० चा शिक्का बघायचा, तो मरीन ग्रेड, ज्याचा ग्लू ७२ तास उकळून तपासतात. आयएस ३०३ मधला एमआर म्हणजे नेहमीचा कमर्शियल, तो घरातल्या कपाटाला ठीक. त्यांनी मला शिक्का दाखवला आणि मगच कापला. कडा सगळ्या एपॉक्सीने भिजवून घेतल्या कारण पाणी प्लायच्या तोंडावरून कमी आणि कडेने जास्त शिरतं. जुन्या स्क्रूंची खालची भोकं बुजवली आणि तळाला परत काळा डांबरासारखा थर मारला.

आता जे आवडलं नाही ते. पाच दिवस सांगितले होते, अकरा दिवस लागले. त्यातले सुकवायचे दिवस मला मान्य आहेत, आणि मधे एक दिवस अवेळी पाऊस पडला तेव्हा दमट हवेत एपॉक्सी लावणार नाही म्हणाले, तेही बरोबर, दमट हवेत वर मेणचट चिकट थर येतो आणि पुढचा थर धरत नाही. पण दोन-तीन दिवस सरळ दुसऱ्याच्या रीफर गाडीचं काम मधे घुसलं म्हणून आमचं थांबलं आणि हे आम्हाला फोन करून सांगितलं नाही, मी सुट्टी काढून ठाण्याहून तुर्भ्यापर्यंत ट्रेनने गेले आणि गाडी तशीच उभी. त्यांचा माल नासणारा असतो, त्यांची घाई मला समजते, पण एक फोन हवा होता. मी तसं स्पष्ट सांगितलं आणि त्यानंतर मात्र रोज संध्याकाळी फोटो आले.

दुसरं, दाराशी सांधा पायाला किंचित लागतो. जुना प्लाय ५ चा, इकडे दुकानात सहज मिळतो तो ४ किंवा ६, त्यांनी ६ घातला आणि एक एमएमचा फरक लांबी (पुट्टी) भरून उतार देऊन लपवला. विनाइलवरून डोळ्याला दिसत नाही, पण अनवाणी चालताना मला कळतं. आईला नाही कळत, तिची स्लीपर असते. पॅच थोडा खाली बसवून लेव्हल जुळवता आली असती असं माझं मत आहे, त्यांचं मत ४ पेक्षा ६ बरा आणि लेव्हलसाठी फोम घासायला नको. तिसरं, विनाइलचे पर्याय अगदीच थोडे, दोनच डिझाइन, दोन्ही टेम्पो ट्रॅव्हलरमधल्यासारखी. आपण स्वतः आणून दिलं तर ते लावून देतात, मला आधी माहीत असतं तर आणलं असतं.

पैसे सांगते. ओट्यासमोरचं रेझिनचं काम ९,५००. दाराशी कापून नवीन केलेलं १४,०००. खिडकी काढून सील आणि बाकी सांधे ४,०००. विनाइल पूर्ण फ्लोअरला ६,२००. हे ३३,७००, वर १८ टक्के जीएसटी ६,०६६, एकूण ३९,७६६. बिल पक्कं मिळालं, पण मागावं लागलं. अॅडव्हान्स १५,००० घेतला. स्वस्त आहे असं मी म्हणणार नाही, पण १ लाख १० हजारांच्या मानाने आणि मुख्य म्हणजे दुखणं शोधून केलेल्या कामाच्या मानाने मला योग्य वाटले. ओट्यासमोरचं काम ज्याला हाताने करायचंय तो सुट्टीच्या दिवशी घरी करू शकेल, तिकडे युरोपात ह्याचे तयार किट मिळतात, रेझिन, सिरिंज, खुंट्या सगळं एका डब्यात, लोक स्वतःच करतात. फक्त हातमोजे घाला, एपॉक्सी कातडीला लागू देऊ नका, आणि आधी मीटर लावून खात्री करा की जागा सुकी आहे. दाराशी झालं तसलं काम मात्र घरी करायच्या भानगडीत पडू नका.

गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी, घोडबंदर रोडच्या बाजूने येत असाल तर कळवा-विटाव्यावरून जाऊ नका, विटाव्याचा रेल्वे पूल बुटका आहे, वर पाण्याचा आणि ट्रॅफिकचा त्रास वेगळा. आम्ही माजिवड्यावरून हायवे पकडून मुलुंड-ऐरोली पुलावरून गेलो, मग सरळ ठाणे-बेलापूर रोड, भल्या सकाळी निघालात तर कंटेनर कमी असतात. गाळ्यासमोर ट्रेलर वळवायला जागा अपुरी आहे, आधी फोन केला तर त्यांची पोरं बाहेर येऊन मागे घ्यायला मदत करतात. दुपारी जेवणाच्या वेळी तासभर काम बंद असतं. आणि गाडी सोडून परत यायला तुर्भे स्टेशन आहेच, ट्रान्स-हार्बरने ठाणे.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. गाडी कोलशेतला उघड्यावर उभी असते, वर फक्त ताडपत्री, तीही जुलैच्या वाऱ्यात दोनदा उडाली. दर पंधरा दिवसांनी मी आत जाऊन दाराशी हात लावून बघायचे, कपाटाच्या तळाला नाक लावून वास घ्यायचे. काही नाही. ऑगस्टमध्ये माळशेजला जाऊन आलो, घाटात जो पाऊस लागला त्यात समोरचं दिसत नव्हतं, चाकांनी उडवलेलं पाणी तर सतत खालून मारत होतं. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम टॉर्च घेऊन खिडकीखाली बसले, कोरडं होतं.

परवा तुर्भ्याला मीटर लावलं तेव्हा दाराशी १५, ओट्यासमोर १४. मालक म्हणाले पावसाळ्यानंतर आपल्या हवेत कुठल्याही लाकडाला एवढं असणारच, डिसेंबरात उतरेल. डिसमिसच्या मुठीने ठोकून बघितलं, साठच्या साठ भोकांच्या जागी टणक. एका ठिकाणी, ओट्याच्या कोपऱ्यात, खडूच्या जुन्या रेघेच्या थोडं बाहेर, एवढासा पोकळ आवाज आला, वाटीच्या आकाराचा. तिथे तेव्हा भोक पाडलं नव्हतं, कपाटाचा पाय आड येत होता. त्यांनी स्वतःहून दाखवलं, लपवलं नाही, आणि म्हणाले आत्ता काही करायची गरज नाही पण पुढच्या वेळी याल तेव्हा चार भोकं पाडून भरून देतो, त्याचे पैसे नाही. तपासणीचेही घेतले नाहीत.

आई बरोबर आली होती परवा. तिने आत जाऊन ओट्यासमोर उभं राहून बघितलं, दोन्ही पायांवर वजन टाकून, मग मालकांना म्हणाली, भाऊ, चहा घेणार का, आणि गाळ्यासमोरच गॅस पेटवून सगळ्या पोरांना चहा केला तिने. पुढच्या महिन्यात गणपतीपुळे ठरलंय.